आठ कूलर आणि उन्नतीची परीक्षा

२० एप्रिल, रविवार

सेवा मंडळाची पहिली मीटिंग. कंपनीतून निवृत्त झालेल्यांनी आपलं कौशल्य समाजाला द्यायचं म्हणे. बावीस माणसं, त्यातले वीस साहेब! बसलेही ग्रेडप्रमाणे. पुढं मॅनेजर, मग ऑफिसर, शेवटी मी आणि फिटर नत्थू. दोन तास बॅनरच्या रंगावर चर्चा. मग एकाला मी दिसले — "प्रेमिलाबाई, चहाचं पाहता का?" एकतीस वर्षं कूलरच्या मोटारींचं वाइंडिंग केलं मी, तारेचे वेढे भरले. चहाचं पाहिलं नाही. नत्थूनं केला. अगदीच पाणचट.

२३ एप्रिल

काम मिळालं. हुडकेश्वरच्या आमच्या बुद्धविहारातली पोरींची अभ्यासिका. आठ कूलर, आठही बंद. पारा पंचेचाळीसवर, दुपारी आत पाऊल ठेववत नाही. विहाराची समिती म्हणते, आठवडाभर वाट पाहू, नाहीतर पावसाळ्यापर्यंत कुलूप.

शेजारच्या उन्नतीचा जीव टांगणीला लागलाय. पंचवीस मेला तिची भरतीची परीक्षा. बाप दुर्गेश गल्लीभर सांगतो, "परीक्षा होऊ द्या, मग पोरीले पाहाले पाहुण्यायले बोलावतो." अभ्यासिका बंद झाली तर घरीच बस म्हणाला. घर एका खोलीचं. त्यात टीव्ही आणि दोन भांडखोर भाऊ. "आजी, काहीबी करा, पण कूलर चालू करा," पोरगी म्हणाली. माझा हात सोडेचना.

२६ एप्रिल

नत्थूनं आठही मोटारी काढून विहारात मांडल्या. मी एकेक पाहिली. जळालेल्या दोनच! बाकीच्यांना तेल, एखादा कंडेन्सर. दोन दिवसांचं काम. सोमवारी संध्याकाळी पोरी गार हवेत, असं उन्नतीला सांगून मोकळी झाले.

२७ एप्रिल, रविवार

वैरागडे साहेब!! क्वालिटी खात्याचे, आमच्या मोटारी तपासायचे. कंपनीत आम्ही बाया त्यांना नापास मास्तर म्हणायचो. आज माझ्या आधी विहारात पोचले. आठातल्या तीन मोटारी नमुना म्हणून उचलल्या. त्यात नेमक्या त्या दोन जळालेल्या. झालं — तीनात दोन नापास म्हणजे अख्खा लॉट नापास! इथपर्यंतही चाललं असतं. पण कंपनीत नापास मोटारीचं वाइंडिंग कापून टाकायची पद्धत, म्हणजे ती चुकूनही चांगल्या मालात शिरत नाही. साहेबांनी कटर घेतलं आणि ओळीनं कापत सुटले.

मी पोचले तर आठवी हातात. नत्थू ओरडत होता, "साहेब, हे का करून राहिले तुमी? चांगल्या मोटारी आहेत त्या!"

"नियम आहे," साहेब म्हणाले.

"काहून कापल्या?" मी म्हटलं. "रिटायर होऊन सहा वर्षं झाले ना तुमाले!"

तेव्हा कुठं उजेड पडला. तोंडाचा रंगच उडाला माणसाच्या. मला दया आली नाही. अजिबात नाही. घरी येऊन भांडी आपटली.

२८ एप्रिल

मंडळाची तातडीची बैठक. झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त. तार आणायला उपसमिती नेमली, तिची बैठक पुढच्या आठवड्यात! मी उठले. विहाराच्या समितीकडं जाऊन हातापाया पडून रविवारपर्यंतची मुदत आणली. नत्थू स्कूटरवर लकडगंजच्या बाजारात गेला आणि तांब्याची तार घेऊन आला. उपसमितीला कळवलेलं नाही. आता आठही मोटारी नव्यानं भरायच्या, आणि त्या मीच भरायच्या.

२९ एप्रिल

सकाळी सातला दारात वैरागडे साहेब. हातात डबा. "मी काय करू, सांगा." म्हटलं, तार गुंडाळायच्या यंत्राचं हँडल फिरवा आणि वेढे मोजा.

मोठ्यानं मोजतात, शाळेत पाढे म्हणावे तसे. तीनशे चाळीसवर मी विचारलं, भाजी कोणती आणली? "वांगं," म्हणाले — आणि आकडा विसरले. "नापास! पुन्हा पहिल्यापासून." वर्षानुवर्षं हा शब्द मला ऐकवला होता त्यांनी. काय सांगू किती बरं वाटलं!

१ मे

चार झाल्या. माझी बोटं सोलली. चार वर्षांच्या आरामानं कातडी पार बाईसाहेबांची झालीय. साहेबांच्या तळहाताला फोड. ते दाखवायला लागले तर म्हटलं, राहू द्या, आमच्या सेक्शनात ते सगळ्यांनाच होते. संध्याकाळी मात्र तेल-हळद लावून दिली. म्हणाले, "प्रेमिलाबाई, उभ्या आयुष्यात एक मोटार बनवली नाही मी. नुसत्या कापल्या." खरंच होतं ते.

३ मे

सात. पाठ मोडली. उन्नतीनं आज पाचदा विचारलं, होईल ना आजी? होईल वं बाई, जाऊ दे मला!

४ मे, रविवार

आठही चालू!! मंडळ बॅनरसकट हजर. फोटोत एकोणीस साहेब, नत्थू पाइप धरून बाहेर. विसावे वैरागडे. ते आलेच नाहीत फोटोत, वाळ्याच्या जाळीवर पाणी मारत बसले. मी एका कूलरसमोर खुर्ची टाकली. कंपनीत माझ्या मोटारी खोक्यात बंद होऊन जायच्या, फिरताना एकही कधी पाहिली नव्हती. रडू आलं. विचारलं कोणी तर सांगितलं, कूलरचं पाणी उडालं.

१७ मे

अभ्यासिका गच्च. उन्नती कुलूप उघडायच्या आधी हजर. दुर्गेश छाती फुगवून फिरतोय, "पोरगी साहेबीण होते आता!"

२४ मे

उद्या पेपर म्हणून दही-साखर घेऊन अभ्यासिकेत गेले. पोरगी रडायलाच लागली. फॉर्मच भरला नाही तिनं! "घरी बसली तर पाहुणे येतात आजी. इथं बसली तर कोणी मले पाहात नाही."

आठ मोटारी, हजारो वेढे, साहेबांचे फोड — नसलेल्या परीक्षेसाठी! तोंडात शिव्या आल्या, दोन दिल्याही. मग दही भरवलं तिला.

आत्ता दुर्गेश विचारायला आला, उद्या पोरीले सेंटरवर किती वाजता नेऊ?

मी म्हटलं, पेपर फुटला गा. परीक्षा पुढं ढकलली.