पाटीवरून उठायला उशीर

७ जुलै, सोमवार
यादी लागली. हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर. खो-खो, मुली, पंधरा नावं. तीनदा वाचली. वरून खाली, खालून वर, मग एकेका नावावर बोट ठेवून. माझं न्हाई.
आठवीत होते. नववीत होते. गेल्या वर्षी तालुक्याच्या फायनलला शेवटपर्यंत नाबाद मीच. आणि दहावीत न्हाई.
पाचव्या नंबरला दीपा. नववीची, आमच्याच गल्लीतली. खांबावर सूर कसा मारायचा ते तिला मी शिकवलं, आमच्या परसात. आप्पांनी माझ्यासाठी तिथं खांब पुरलाय, त्याच्यावर. ती माझ्याकडं बघत होती. मी खाली वाकून बुटाची लेस बांधत बसले. लेस सुटली नव्हती.

८ जुलै, मंगळवार
सरांना विचारलं. पी.टी. सर गोकाककडचे. मराठी चांगलं बोलतात, पण राग आला की माया आली की कन्नड येतं तोंडात.
'नोडव्वा सुप्रिया,' म्हणाले, बघ बाई. म्हणजे रागावणार न्हाईत, हे कळलं.
मला पाटीवर, बसायच्या चौकोनात, बसवलं, मागनं खो दिला, उठून पळायला लावलं. पाच वेळा. मग दीपाला पाच वेळा. स्टॉपवॉच दाखवलं. पाचीच्या पाची वेळा ती पुढं.
'तू आळस केला न्हाईस,' सर म्हणाले. 'वर्षात उंची केवढी वाढली तुझी! एवढ्या लांब पायांनी खाली बसून उठायला येळ लागणारच. तुझी चूक न्हाई.'
चूक असती तर सुधारली असती.
मग म्हणाले, 'व्हॉलीबॉल खेळ की. उंच हैस.' शाळेत मुलींची व्हॉलीबॉलची टीमच न्हाई. त्यांच्याही ते ध्यानात आलं. स्टॉपवॉच खिशात घातलं.

९ जुलै, बुधवार
घरी सांगितलेलं न्हाई. आप्पा निपाणी डेपोत मेकॅनिक. पहिल्या पाळीला जाताना मला गाडीवरनं शाळेत सोडतात, सरावासाठी. आज पण सोडलं. 'हाण बाई!' म्हणाले नेहमीसारखं आणि गेले.
मी शेवटच्या वर्गात जाऊन बसले. एकटी. मैदानावरनं खो, खो ऐकू येत होतं. डोळे मिटले तरी नुसत्या पायांवरनं कळतं कोण उठलं ते. आमच्या वर्गातली लक्ष्मी फरफटत उठते. दीपाचा आवाजच येत न्हाई.

११ जुलै, शुक्र.
तोच वर्ग. तोच बाक. दुसरं काय लिहायचं.

१२ जुलै, शनिवार
आज आप्पा जेवताना आईला सांगत होते. डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी. पोरगी यंदा जिल्ह्याला जाणार, मग दहावी झाली की बेळगावला क्रीडा वसतिगृहात. तिथंच कॉलेज. राहायची सोय, खायची सोय.
आई विड्या वळत होती. सुपातनं मान वर न करता म्हणाली, 'आधी दहावी होऊ दे.'
'हुतीया की. आणि खेळ हाय की तिचा.'
मी भात चिवडत बसले. वसतिगृहात घेताना जिल्ह्याचं सर्टिफिकेट बघतात. हे आप्पांना ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. आईला पण असेल.

१४ जुलै, सोमवार
उंची काही कमी होत न्हाई. वजन होईल. गेल्या बुधवारपासनं सकाळची भाकरी म्हशीपुढं टाकते. दुपारी शाळेत ताट घेते आणि तसंच लक्ष्मीला देते.
आई विड्यांचा माल द्यायला गेली की परसात उठायचा सराव. बसायचं, उठायचं, पळायचं. मनात मोजते. पहिल्या वेळेला जेवढा वेळ, पन्नासाव्या वेळेला त्याहून जास्त. तरी.

१६ जुलै, बुध.
सर मैदानावरनं वर्गाकडं बघत होते. मी खाली वाकले. बघितलं असणार.

१८ जुलै, शुक्रवार
प्रार्थनेला उभी होते. फळ्याजवळचा झेंड्याचा खांब हलताना दिसला, मग काहीच न्हाई. डोळे उघडले तेव्हा स्टाफरूममध्ये बाकावर, बाई वारा घालत होत्या.
आईला बोलावलं. आई वडापच्या जीपनं आली. हाताला तंबाखूचा वास तसाच. बाईंनी विचारलं, 'घरी जेवते का ही?' आई म्हणाली, 'खाती की. एवढा सराव करती, खाल्ल्याशिवाय कसं हुईल?'
पी.टी. सर दारात उभे होते. हळूच म्हणाले, 'ताई, ती टीममधी न्हाई यंदा. सरावाला येत न्हाई.'
आई माझ्याकडं बघत राहिली. 'मग रोज सकाळी कुठं जातीयास गं?'
'वर्गात बसते,' मी म्हणाले.
घरी आल्यावर ताटात भात, वर दूध ओतलं, माझ्यापुढं ठेवलं. 'खा आधी. मग रड किती रडायचं ते.'
खाल्लं. रडायला आलं न्हाई.

१९ जुलै, शनिवार
आप्पांना आईनंच सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
'तुझ्या जागी कोण?'
'दीपा.'
'आपल्या परसात शिकली ती?'
'व्हय.'
हसले. कसलं हसले ते मला लिहिता येत न्हाई. मग मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसले.

२१ जुलै, सोमवार
आप्पा शाळेत आले. पाळी संपवून थेट, डेपोच्या खाकी शर्टावर. मी वर्गाच्या खिडकीतनं बघत होते. तालुक्यासाठी आता संध्याकाळी पण सराव असतो; सगळ्या पोरी मैदानावर, सराव थांबलेला.
आप्पांनी सरांना हात जोडले.
मी आप्पांना आजवर कुणापुढं हात जोडताना बघितलं न्हाई. देवळात सुद्धा एका हातानं छातीला शिवतात आणि निघतात.
ऐकू येत होतं सगळं. 'शेवटचं वर्ष हाय तिचं, सर. राखीव तरी ठेवा. पोरींना पाणी तरी देईल.'
सरांनी खिशातनं यादीचा कागद काढला. पेन काढलं. दोन्ही आप्पांच्या पुढं धरलं. 'मी कुणाचं नाव खोडू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते खोडतो.'
आप्पांनी कागद घेतला. वाचला. सगळा वाचला, सगळ्या त्यांच्या ओळखीच्याच पोरी. लक्ष्मी शेवटची राखीव, तिचे वडील डेपोतच ड्रायव्हर. कागदाची घडी घालून परत दिला.
जाताना वर्गाकडं बघितलं न्हाई त्यांनी. मी आत हाय हे ठाऊक होतं. पाठीवर शर्टाला ग्रीसचा डाग होता, लांबोळका.

२२ जुलै
सुट्टीत लक्ष्मी म्हणाली, 'तुझ्या आप्पांनी माझं नाव सांगितलं न्हाई, व्हय?' मी म्हणाले, न्हाई. ती म्हणाली, 'मी सांगितलं असतं तुझं.' आणि रडायला लागली. तिला गप्प करत बसले. माझं कुणी—

२७ जुलै, रविवार
आप्पांनी परसातला खांब उपटला. पावसानं माती मऊ झालीया तरी अर्धा तास लागला. फार खोल पुरला होता. आई म्हणाली, 'असू दे की, दोरी बांधीन कपड्याला.'
'रोज बघून काय करायचंय?'
मी मदतीला गेले न्हाई. बोलावलं पण न्हाई. आता खांब गोठ्यामागं आडवा पडलाय, खड्ड्यात पाणी साचलंय.

१ ऑगस्ट, शुक्र.
आता आप्पा मला सोडत न्हाईत. सव्वानऊच्या बसनं जाते, बाकीच्यांसारखी. सकाळी करायला काहीच नसतं. उठले तरी तेच, न्हाई उठले तरी तेच.

४ ऑगस्ट, सोमवार
गणितात पस्तीसपैकी अकरा. बाई म्हणाल्या, खेळामुळं मागं पडलीस, आता वेळ मिळाला, भरून काढ. चांगल्या मनानंच म्हणाल्या.
संध्याकाळी आईजवळ बसले. पानं कापायची कात्री घेतली. आईनं हातातनं काढून घेतली.
'हे शिकवणार न्हाई मी तुला.'
'मग काय शिकवणार?'
आईचे हात थांबले. मग परत वळायला लागली. उगाच विचारलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
तालुका.
सकाळी टेम्पो गेला. पोरी ओरडत गेल्या. वर्गात मुलींच्या बाजूला आम्ही सहाजणी. कन्नडचा तास, मग समाज, मग गणित. गणिताच्या तासाला फायनल चालू असणार, असं मी घड्याळात बघून—
जिंकल्या. सात वाजता गल्लीत हलगी आली. दीपा शेवटची दोन मिनिटं नाबाद. तिला खांद्यावर घेतलेलं. मी खिडकी लावून घेतली.
आई बाहेर गेली. जायलाच पाहिजे, शेजार हाय. परत आली तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबून पदरानं कपाळ खसाखसा पुसलं. गुलाल लावला होता कुणीतरी. पुसून मग आत आली. तिला वाटलं मी बघितलं न्हाई. कानामागं राहिला होता थोडा.
आप्पा आज दुसऱ्या पाळीला. कुणी बदलून मागितली न्हाई, त्यांनीच मागून घेतली.

१३ ऑगस्ट, बुधवार
दीपा पेढे घेऊन आली. दारातच उभी. तिच्या कोपराला खरचटलंय, सुराचं. मला पण तिथंच खूण हाय.
'सुप्रियाक्का, जिल्ह्याला, बेळगावला, लई भारी पोरी येत्यात म्हणं. खांबाला हात लावून उलटं वळायचं असतंय, ते मला जमत न्हाई. दाखवशील?'
'सरांना विचार.'
'सरांनीच तुझं नाव सांगितलं.'
'मला अभ्यास हाय.'
'बरं.' गेली न्हाई. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, 'मी सांगितलं न्हवतं गं तुझं नाव कापा म्हणून.'
मला ठाऊक हाय. ते तिला सांगितलं न्हाई. आत गेले.
पेढे आईनं देवापुढं ठेवले. कुणी खाल्ले न्हाईत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन. जिंकलेल्या पोरींना स्टेजवर बोलावलं. टाळ्या वाजवल्या मी. खोट्या न्हवत्या. खऱ्या पण न्हवत्या.
उतरल्यावर सर जवळ आले. म्हणाले, 'जेवतीस ना?' एवढंच. मी मान हलवली. पुढं काहीतरी बोलणार होते, हेडमास्तरांनी हाक मारली.

१७ ऑगस्ट, रविवार
सकाळ. सहा वाजून गेले. अंथरुणातच लिहितीय.
दीपा आलीय. दारातनं दोनदा हाक मारली. आई म्हणाली, 'सुप्रिया, उठ गं, पोरगी आलीया.' मी भिंतीकडं तोंड केलं. आप्पा अंगणात गाडी पुसत होते. तिला ये पण म्हणाले न्हाईत, जा पण न्हाई.
ते वळण मला येतं. येतं म्हणून काय करू? मी ते आता कुठं वळणार हाय? तिला दाखवीन, ती बेळगावला जाईल, वसतिगृहात जाईल, मी सव्वानऊच्या बसनं येईन जाईन. आणि न्हाई दाखवलं तर ती पण हरून घरी येईल. तेवढंच होईल. माझं काही होणार न्हाई दोन्हीकडनं.
आई परत आली. म्हणाली, 'तिला सांगितलं, झोपलीया म्हणून.'
'मग?'
'म्हणाली, काकू, मी थांबते.'
पायरीवर बसल्याचा आवाज आला होता. त्याला आता अर्धा तास होत आला. आप्पांची गाडी पुसून झाली, ते आत येऊन चहा घेतायत. मी कान देऊन पडलीय. गेल्याचा आवाज अजून आला न्हाई.