झिपरूचे राहिलेले वीस दिवस

मी, जालमसिंग दिलवरसिंग गिरासे, वय अदमासे अठ्ठेचाळीस, धंदा शेती, राहणार रनाळे, तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा शिकवणुकीने नव्हे, तर स्वतःच्या अकलेने, जेवढी काही आहे तेवढीने, लिहून ठेवतो. पोटात गाठ आहे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि मला सोडून माझ्या बायकोशी बोलू लागले, त्यावरून मी काय ते समजलो.

डोके ठिकाणावर आहे. अडचण दुसरीच आहे. सरकारी कागदाप्रमाणे मी सन १९१८ साली मेसोपोटेमियात, पायदळाच्या पलटणीत असताना, शत्रूच्या गोळीने मेलेलो आहे. मेलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते की नाही, हे मला माहीत नाही. वकिलाला विचारावे तर तो आधी नाव विचारणार. तेव्हा कायद्यात बसले तर मृत्युपत्र म्हणून वाचावे, नाही बसले तर एका माणसाचे म्हणणे म्हणून तरी वाचावे.

कलम १. घर आणि शेत माझे नाही. वडील दिलवरसिंग यांच्या मागे ते "मयत जालमसिंग याची विधवा तुळशीबाई" हिच्या नावावर चढले. गेली चौदा वर्षे मी माझ्या विधवेची जमीन कसतो आहे. तिने ती मुलगा फत्तेसिंग यास द्यावी की आणखी कोणास, हा तिचा अधिकार. मी सांगून ती ऐकेल असे नाही, जिवंतपणीही कधी ऐकले नाही. चौकशीला कारकून आला तेव्हा हिच्या हातात बांगड्या पाहून तो गोंधळला. ही म्हणाली, "वीर कधी मरस का, रावसाहेब?" त्याने ते तसेच लिहून घेतले. मी तेव्हा कडब्याच्या गंजीआड बसलो होतो.

कलम २. आता मी कसा मेलो ते लिहितो, म्हणजे पुढची कलमे समजतील.

सन १९१७, चैत्र महिना. पलटणीसाठी गावातून दोन नावे गेली, त्यात एक माझे. लग्नाला चार महिने झाले होते. मी भ्यालो. उगाच दुसरे कारण सांगत नाही. मी नवापूरला मामाकडे पळालो. जाताना आमचा सालदार झिपरू याच्या हातात भरतीचा कागद दिला आणि सांगितले की बैलगाडी घेऊन नंदुरबारला जा, जालमसिंग आजारी आहे असे सांगून कागद परत दे. सालदार म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून, आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात, पुढच्या आखाजीपर्यंत बांधलेला गडी. झिपरू गावच्या भिल्लवस्तीतला, भिलाटीतला, फुलीबाईचा एकुलता एक, माझ्याच वयाचा. त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे त्याचे साल भरायला, वीस दिवस राहिले होते.

संध्याकाळी गाडी परत आली. गाडीत कोणी नव्हते. बैलांना रस्ता पाठ होता, ते आपले घरी आले.

त्या दिवशी कोरीट गावचा भिला नंदुरबारला भरतीच्या रांगेत उभा होता. तो सांगतो की साहेबाने कागद पाहून पुकारले, "जालमसिंग दिलवरसिंग?" झिपरूने एकदा बैलांकडे पाहिले आणि म्हणाला, "हाजर." एवढेच. का म्हणाला? पंचवीस वर्षे मी हेच विचारतो आहे. मी त्याला माझ्या जागी जा म्हणालो नव्हतो. की माझ्या तोंडावर ते दिसत होते? वडिलांनी परस्पर काही सांगितले होते काय? ते मरेपर्यंत नाही म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे पाहत नसत. का त्याला स्वतःलाच जायचे होते, नांगरामागून सुटायचे होते? एखादे दिवशी मी असे मानतो आणि मला बरे वाटते. दुसऱ्या दिवशी बरे वाटल्याचीच लाज वाटते. मला कळत नाही. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, पण कळत नाही हेच खरे आहे.

कलम ३. आता सर्वांत वाईट गोष्ट. फुलीबाई पोराची चौकशी करीत आमच्या अंगणात आली. वडिलांनी सांगितले, "साल मोडीसन सुरतले पळी गया तुन्हा आंडोर." साल मोडून पळालेल्या गड्याच्या घरी त्या काळी कोणी आगही मागायला जात नसे. तिने मान खाली घातली आणि गेली. पळालो होतो मी, आणि मान तिची खाली गेली. हे मी नवापूरहून आल्यावर ऐकले आणि गप्प राहिलो. पंचवीस वर्षे गप्प राहिलो. गावालाही सगळे ठाऊक होते, पण बोलले तर यादी देणारे सगळेच अडकतील म्हणून गावही गप्प. या कागदाने मी जाहीर करतो की झिपरू साल मोडून पळालेला नाही.

कलम ४. पत्र. १९१८च्या उन्हाळ्यात बसऱ्याहून वडिलांच्या नावे एक पत्र आले. ते दुकानदार सुमेरमल यांनी वाचून दाखवले. पलटणीतल्या कोणी लिहून दिलेले आहे. ते पत्र माझ्यापाशी आहे आणि ते मी फुलीबाईला देतो, कारण ते तिचेच आहे. मजकूर असा:

"बापूंस रामराम. मी जालमसिंग येथे खुशाल आहे. तांबड्या बैलाचा पुढचा खूर दुखत होता, तो बरा झाला का ते कळवावे. झिपरूस सांगावे की पावसाआधी त्याच्या आईचे छप्पर शाकारून द्यावे. तिला कमी दिसते, दारापुढचा दगड बाजूला करावा. झिपरूचे साल वीस दिवसांनी अपुरे आहे, ते तो भरून देईल, फिकीर करू नये. झिपरू ऐकणारा आहे."

हे वाचून सुमेरमल चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "झिपरू, ऐकलंस ना?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाऊन दगड हलवला. तेव्हापासून दर वर्षी ज्येष्ठात मी फुलीबाईचे छप्पर शाकारतो. तिने कधी विचारले नाही, मी कधी सांगितले नाही. छप्पर शाकारताना मी कोण असतो, हेही मला नीट सांगता येणार नाही.

कलम ५. चांदीचा टाक. पत्रानंतर सहा महिन्यांनी जालमसिंग मेल्याचा कागद आला. त्या साली तापाने घरोघर माणसे गेली होती, एक मरण जास्त झाले तर कोणी खोदून विचारले नाही. परंतु गिरासे घराण्यातला माणूस लढाईत पडला म्हणजे त्याचा वीर करून चांदीचा टाक देवघरात बसवावा लागतो. कागद घेऊन आलेला अंमलदार गावात होता, चार प्रतिष्ठित जमले होते. वडिलांना नाही म्हणता येईना. सोनाराने टाक घडवला: घोड्यावर बसलेला, हातात तलवार. मी तलवार धरलेली नाही आणि झिपरू पायदळात होता. दहावे झाले, तेरावे झाले. माझ्या तेराव्याचे लाडू मी गंजीआड बसून खाल्ले. दोनदा मागून घेतले.

पुढे पेच पडला तो असा. एकदा बसवलेला वीर मोडता येत नाही, आणि धुळवडीला खोबऱ्याच्या वाटीत घालून वाजतगाजत नाचवावाच लागतो. नाचवायचे घरच्या पुरुषाने. वडील थकले. घरात दुसरा पुरुष मीच. तेव्हा चोवीस धुळवडी मी माझा स्वतःचा वीर हातात घेऊन नाचलो आहे. डफ चढला की अंगात काहीतरी येते, हे खरे आहे. कोण येते? मी तर इथेच असतो. एका वर्षी नाचता नाचता माझ्या तोंडून "हाजर" असे निघाले. वाजवणारे थांबले. तुळशीबाईने हात धरून घरी नेले. त्यानंतर मला त्या टाकाच्या तोंडाकडे पाहवत नाही.

हा टाक फुलीबाईच्या घरी जावा. त्यांच्यात असा टाक बसवतात की नाही, मला माहीत नाही. न बसवला तरी चालेल. घोडा मोडून पायी माणूस करता आला तर सोनाराला विचारावे.

कलम ६. किरकोळ. लोखंडी नांगर आणि विळे फत्तेसिंगास. ज्या गाडीतून झिपरू गेला तिची चाके दोनदा बदलली आहेत, पण धुरा तीच आहे. ती गाडी विकू नये. सुमेरमल यांनी पंचवीस वर्षे भर बाजारात मला "या वीरमहाराज" म्हणून हाक मारली, त्याचा राग मी इथेच सोडतो. भिलावरचा मात्र सोडत नाही. तो लढाईतून जिवंत परत आला. त्यानेच सांगितले की झिपरू कालव्यावर पाणी प्यायला वाकला होता तेव्हा गोळी लागली. दीड वर्ष तो त्याला जालमसिंग म्हणत होता. पहिल्यांदा मला भेटला तेव्हा वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "माले ते तूच खोटा वाटस." माझी झोप त्या वाक्याने जी गेली ती गेली.

कलम ७. मुलगा फत्तेसिंग यास. पलटणीवाले गेल्या महिन्यात पुन्हा आले आणि तू आपणहून नाव दिलेस. आठ दिवसांनी माझ्याजवळ येऊन म्हणालास, "आबा, आपला वाहरू जावाले तयार शे. मन्हा नाववर." वाहरू आपला आताचा सालदार. मी तुझ्या कानाखाली वाजवली. ती तुला नव्हती, पण लागली तुला, त्याची माफी मागतो. तुझी भीती मला ठाऊक आहे, माझ्याइतकी कोणालाच नसेल. जायचे तर तू जा. नाही जायचे तर साहेबापुढे उभा राहून नाही म्हण, काय होईल ते होऊ दे. पण ज्याचे नाव त्यानेच हाजर म्हणावे. वाहरूला पाठवलेस तर माझ्या चितेला हात लावू नकोस. एवढे सांगण्यासाठीच हे मृत्युपत्र एवढ्या घाईने लिहिले आहे.

कलम ८. माझे क्रियाकर्म करू नये. ते एकदा झाले आहे आणि मी जेवलोही आहे. मेल्यावर देह जाळावा, एवढेच. दहावे आणि तेरावे झिपरूच्या नावाने करावे, आणि नाव मोठ्याने घ्यावे.

कलम ९. आमच्या घरातर्फे, वडिलांच्या मागे कर्ता म्हणून, मी झिपरूला सालातून मोकळा करतो. राहिलेले वीस दिवस त्याने भरले असे समजावे. त्याचे साल पुरे झाले.

एवढ्यावर कागद संपला होता. काल फुलीबाईला घरी बोलावले. ती आता काठी टेकून येते आणि आवाजावरून माणूस ओळखते. तुळशीबाई, फत्तेसिंग, भिला आणि सुमेरमल यांच्यासमोर मी सगळा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती रडली नाही. म्हणाली, "गाडी रिकामी उनी, तवयच माले समजनं. बैल सुरतथून येतस का?" मग म्हणाली, "पन तो मन्हं नाव काढस व्हता, हाई कोनी सांगं नई." मी पत्र पुन्हा वाचले. "आखो वाच," म्हणाली. असे तीनदा वाचले. दगडाचे वाक्य आले की ती हाताने दारापुढची जागा चाचपल्यासारखे करी. मी तिच्या पायांवर डोके ठेवले. तिने पाय मागे घेतले नाहीत, हातही डोक्यावर ठेवला नाही. क्षमा केली की नाही, ते मला समजले नाही, आणि विचारायचा मला अधिकार नाही.

उठताना तिने तुळशीबाईला एवढेच विचारले, "साल पुरं व्हयनं म्हंजे सालदारले जेवाडतस ना? मन्हा पोऱ्याले कव्हय जेवाडशात?"

त्यावरून हे शेवटचे कलम घालतो.

कलम १०. आखाजीला आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि पुरणपोळी व आंब्याचा रस वाढतात. आजवर आमच्या घरी ती घागर जालमसिंगच्या नावाने भरली जात होती, आणि ती मीच भरीत होतो. या आखाजीपासून ती झिपरूच्या नावाने भरावी. ताट घराबाहेर गड्यांच्या पंगतीत नव्हे, आत, वडील बसत त्या पाटावर मांडावे. शेजारी फुलीबाईला बसवावे. तोवर मी असलो तर वाढायचे काम माझे. नसलो तर त्या दिवशी दोन घागरी भराव्यात. आधी त्याची, मग माझी.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे आहे. माझे अक्षर, माझी सही, माझे नाव.

जालमसिंग दिलवरसिंग गिरासे
(सरकारी कागदात मयत, रनाळे येथे हजर)

समक्ष वाचले, ऐकले:
सुमेरमल, दुकानदार, रनाळे. सही.
भिला, राहणार कोरीट, पलटणीतून परत आलेला. डाव्या हाताचा अंगठा.
फुलीबाई, झिपरूची आई. डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम रनाळे, गुरुवार, तारीख ११ फेब्रुवारी १९४३.