तयार ठेवलेला मजकूर

९ डिसेंबर १९९७
विमा खुला करायचं भारताने कबूल केलेलं नाही. आमच्या दिल्लीच्या बातमीदाराने दोनदा खात्री केली. परदेशी बँकांना, विमा कंपन्यांना कुठवर शिरकाव द्यायचा, यावर जिनिव्हात देशोदेशींची घासाघीस. कराराची मुदत शुक्रवारची, १२ तारखेची.

कल्याणला विमा कचेरीपुढच्या मंडपात माझ्या बहिणीचा, मालनचा नवरा उत्तम, विमा कर्मचाऱ्यांच्या युनियनचा सेक्रेटरी, विमा खुला करण्याविरुद्ध उपोषणाला बसलेला, फक्त पाण्यावर. त्याला बातमी सांगितली. म्हणाला, "विमा वगळून सही होऊ दे दादा, उपास सोडायला लगेच मोसंबी सोलू!"

१० डिसेंबर
परशुराम, आमचे संपादक, म्हणाले, "उत्तमवर तयार ठेवा. तुमच्या बहिणीचा नवरा, तुमच्याइतकं कोण ओळखतो?" अत्यवस्थ माणसांवर आम्ही आधीच लिहून ठेवतो — रीतच आहे. बसलो. चहा गार व्हायच्या आत मृत्युलेख पुरा. चांगला उतरला — हेच भयंकर!

११ डिसेंबर
सकाळी वर्तकनगरला घरी दाढी करताना मागे उत्तम खाकरला. वळलो. कोणी नाही. जिवंत माणसाचा भास!

दुपारी मंडपात. माझा चेहरा बघून उत्तम हसला. "लिहिलंत ना माझ्यावर? तुमची रीत ठाऊक आहे मला. वाचा."

"लाज नाही वाटत दोघांना?" — मालन.

का कोण जाणे, मजकूर खिशातच होता. वाचला. त्याने डोळे मिटून ऐकला. मोहने गावच्या कामगारांना विम्याचे हक्क मिळवून दिले, हे आलं तिथे म्हणाला, "हळू. परत वाचा."

मग — "झकास! एवढा मोठा मी कधी झालो? आता उठून वरण-भात खाल्ला तर सगळं वाया की हो!"

सगळे हसले. मीही. मालन नाही.

१२ डिसेंबर
जिनिव्हाहून काही नाही. मजकूर फाडला. वाक्यं डोक्यात चालूच — त्याच्या आवाजात.

१३ डिसेंबर
करार झाला. विम्यावर भारत हलला नाही! वृत्तसंस्था आणि आमचा दिल्लीचा बातमीदार, दोघांचा दुजोरा. कल्याणला निघालो.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
मालनने रस काढून ठेवलेला. उत्तमने पेला बाजूला सारला.

"पुढच्या फेरीत आणतीलच विमा. आता माघार नाही, दादा." मग माझा हात धरून, हळूच — "तो मजकूर जपून ठेवलाय ना?"

उद्या सकाळी पोलीस त्याला उचलून इस्पितळात नेणार, असं डॉक्टर सांगतात. मालन म्हणाली, "तू येऊ नकोस."