सुटलेला तीन

सोमवार, ४ मार्च

आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवी वही. दुसऱ्या मजल्यावरची खोली, मोठी खिडकी, आणि खुर्ची न डुगडुगणारी. काम माझ्या आवडीचं. विद्यापीठाचे प्रबंध छपाईसाठी जुळवायचे. प्रकरणांचे आकडे, याद्या, तक्ते, सगळं एका शिस्तीत बसवायचं. लोकांना या कामाची जांभई येते, मला यात मजा वाटते. १.२ नंतर थेट १.४ दिसलं की मला जेवण गोड लागत नाही.

धाकटीलाही हेच वळण लावलंय. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता एकोणिसाची. वहीत आकडा सुटला की मी पान फाडायची आणि ती भोकाड पसरायची. आता माझ्यापेक्षा चोख झालीय. आज मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, ताई, पहिल्याच दिवशी कुणाशी भांडू नकोस.

नाही भांडले. पण एकेक नग आहेत! साहेब नमस्कार केला तरी मान वर करत नाहीत. बाइंडरकाका दिवसभर गोंदाच्या डब्याशी बोलतात, माणसांशी नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाई तर नाकावर माशी बसू देत नाहीत. भिंतीवर पिशव्यांसाठी पाच खुंट्या आहेत. तिसरी मोकळी होती म्हणून मी पिशवी अडकवली, तर बाईंनी ती ओढून काढली आणि पाचवीवर टांगली. मी त्यांच्या घरात चपला घालून शिरले असावे, असा चेहरा केला होता.

मंगळवार, ५ मार्च

माझ्या टेबलावर एक जाडजूड प्रबंध आलाय. छोट्या कार्यालयांतली माणसं आणि त्यांच्या सवयी, असा विषय. कुणाचा, ते पहिल्या पानावर नाही. माझ्याआधीची बाई तो अर्धवट टाकून गेली म्हणे. ती कोण, कशी होती, का गेली, कुणालाच धड सांगता येईना. 

खणात तिची चिठ्ठी सापडली. ‘तक्ता सातमधले आकडे मी हातानं घातलेत. तसेच राहू द्या.’ हातानं! संगणक आपोआप आकडे घालत असताना ही बया एकेक आकडा टाइप करत बसली होती. आणि तेही चुकीचे:

१ विभागप्रमुख. पायरी चढताना मोजतो.
२ बाइंडर. गोंदाशी बोलतो.
४ मुद्रितशोधक. डावखुरी.
५ अक्षरजुळणी करणारी. चहा फुंकून पिते.

तीन कुठाय? शोधून सापडेना. आणि बयेनं सरळ आपलंच ऑफिस घातलंय तक्त्यात. पाचवी ती स्वतःच असणार. चहा मीही फुंकून पिते म्हणा, पण कोण पीत नाही?

मुद्रितांच्या बाईंना विचारलं, तर खेकसल्या, त्या तक्त्याला हात लावलास तर बघ. का म्हणून विचारलं. म्हणाल्या, का ते माहीत नाही, पण मी आहे त्या आकड्यावर बरी आहे. घ्या आता!

बुधवार, ६ मार्च

लावला हात. मला कुणी ‘लावू नकोस’ म्हटलं की माझे हात शिवशिवतात. बाई जेवायला गेल्या तेवढ्यात हातानं घातलेले आकडे पुसले आणि आपोआप क्रमांकन लावलं. चाराचा तीन झाला, पाचाचा चार. कसं डोळ्यांना गार वाटलं! शेवटी चुकून बटण दाबलं गेलं आणि खाली एक रिकामी ओळ उगवली, पाच आकड्यासकट. ती पुसायची राहिली. चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली.

जेवून आल्यावर बाईंनी पिशवी तिसऱ्या खुंटीवर अडकवली. मी म्हटलं, का हो, मला रागावलात ना परवा? त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. पिशवी काढून दुपारभर मांडीवर धरून बसल्या. तक्त्याला हात लावलास का, असं अगदी हळू विचारलं. मी धडधडीत नाही म्हणाले. का खोटं बोलले कोण जाणे.

गुरुवार, ७ मार्च

शांत दिवस. साहेब, काका आणि मी. तिघांचंच ऑफिस असल्यानं काम भराभर उरकतं. मुद्रितंही मीच तपासते. त्यासाठी वेगळं माणूस इथं कधी नव्हतंच.

संध्याकाळी, चहा घेताना —

कालचं पान वाचलं. परवाचंही. अक्षर माझंच आहे. कोण ही डावखुरी बाई? मला तिचा चेहरा आठवत नाही. आवाज नाही, काही म्हणजे काही नाही. काकांना विचारलं, ते म्हणाले, काय बरळतेस पोरी. पण माझ्या शेजारी टेबल होतं असं वहीत लिहिलंय आणि —

नाही, तसं लिहिलेलं नाही. पण असणारच ना? ती बसत कुठं होती?

खुंट्या चारच आहेत. पाचवीचं भिंतीत भोकसुद्धा नाही. माझी पिशवी तिसरीवर आहे. मीच अडकवली असणार.

शुक्रवार, ८ मार्च

तक्ता उघडला.

१ विभागप्रमुख.
२ बाइंडर.
३ अक्षरजुळणी करणारी. चहा फुंकून पिते.
४ वरीलची धाकटी बहीण. झोपेत दात खाते.

ती रिकामी ओळ भरलीय. मी नाही भरली. धाकटी झोपेत दात खाते, हे माझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नाही.

आता डोक्यात प्रकाश पडला, आणि नसता पडला तर बरं झालं असतं. तिसऱ्या आकड्यावरचं माणूस जातं. माझ्याआधीची बाई पाचवी नव्हतीच, पाचवी मी होते. ती तिसरी होती. जायच्या आधी तिनं आकडे हातानं घातले, म्हणजे ती गेल्यावर जागा मोकळी राहील आणि खालचं कुणी वर सरकणार नाही. ते भगदाड तिनं जीव देऊन राखलं होतं. मी ते बुजवलं. डोळ्यांना गार वाटावं म्हणून! त्या डावखुऱ्या बाईला मीच तिनावर ढकललं.

आणि मी गेले की चाराचा तीन होणार.

ओळ पुसू का तिची? नको, नको. बाईची ओळ गेली तशी बाई गेली.

हातानं आकडे घालतेय. आकडा टाइप केला, टिंब दिलं, की मेलं यंत्र परत आपोआप यादी करतं. पुसलं. परत. पुसलं. परत. साहेब दारात उभे राहून म्हणाले, इतक्या साध्या कामाला इतका वेळ? माणसं मिळतात म्हणाले, हवी तेवढी.

शनिवार, ९ मार्च

जमलं. टिंब न देता. १ २ ३ ४, चारही हातानं. मी गेले तर तीन माझ्याबरोबर जाईल, चार चारच राहील. सुटली माझी पोर. जिवात जीव आला.

पण ओळ बदललीय. ‘बहीण’ शब्द नाही. ‘४ अक्षरजुळणी करणारी. झोपेत दात खाते.’

घरी पळाले —

दुपार

तिनंच दार उघडलं. कोण हवंय काकू, म्हणाली. काकू म्हणाली मला. माझी किल्ली माझ्या हातात आणि ती दार अडवून उभी. पाणी दिलं. गोड बोलली. मी नीट वाढवलंय तिला.

सोमवारपासून नोकरीला लागतेय. सांगताना नुसती फुलली होती. प्रबंध जुळवायचे. साहेब म्हणाले म्हणे, आधी कुणीतरी एका तक्त्यात आकडे हातानं घातलेत, तीनच सुटलाय, ते पहिल्यांदा नीट कर. ती हसली. आकडा सुटलेला मला बघवतच नाही काकू, म्हणाली. हे वळण कुणी लावलं, विचारलं. आठवेना तिला.

ऑफिसात. पिशवी कुठंय माझी — खुंटी —

वही खणात ठेवतेय. उघडीच. याच पानावर. पण दुसऱ्याची वही उघडी दिसली तर न वाचता मिटून ठेवायची, हेही मीच शिकवलंय तिला. देवा, सगळं मीच —

बाळ, वाच. मिटू नकोस. आकडा चुकलेला नाही. नीट करू नकोस. तीन कुठाय म्हणून शोधू नकोस. तीन म्हणजे तुझी