मडक्यावरची चुन्याची रेघ

अप्पा, परवा नातवानं मला एक कागद वाचून दाखवला आणि मला तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं आठवली. तो पुण्याला एका कंपनीत आहे. कंपनीला लागणारा बराचसा माल बाहेरचे लोक बनवून देतात, आणि त्या लोकांनी कसं वागायचं याचा हा कागद. त्यावर सही केल्याशिवाय कंपनी कुणाचा माल घेत नाही म्हणे. मजुरांना जबरदस्तीनं राबवू नका, लहान मुलांना कामाला लावू नका, लाच देऊ नका, ओढ्यात घाण सोडू नका, आणि आमचा माणूस न सांगता तपासायला आला तर त्याला दार उघडा. नातवाला वाटलं आजीला हे सगळं नवीन असेल. मी म्हटलं, हे तर आमच्या अप्पांचं, फक्त अप्पांना कागद लागत नव्हता. तो हसला. मग मी विचारलं, "आणि तुम्ही माल किती मागता, किती दिवसांत मागता, ते यात कुठं लिहिलंय?" तो म्हणाला, "ते वेगळ्या कागदात असतं, आजी." तेव्हापासून तो दुसरा कागद माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

उमरग्याचं आपलं घर मला अजून वासावरून आठवतं. मागच्या अंगणात मोठी चूल, तिच्यावर कढई, आणि कढईत आठवड्याभराचं खेड्यापाड्यांतून आलेलं लोणी. अव्वा उलथनं घेऊन बसलेली असते, तुम्ही ओट्यावरून तिला सांगत असता की आता विड्याचं पान टाक, आणि ती तुमच्याकडे न बघता म्हणते, "मला ठावं हाय." तूप गाळून झालं की तळाची बेरी गुळात कालवून आम्हाला मिळायची. तुपाचे डबे कथलानं झाळून, तोंडं बंद करून मोटारीनं हैदराबादेला जायचे. तिथल्या पेढीवर आपल्या तुपाला फार मान आहे असं तुम्ही सांगायचात. तिथला एकही माणूस आम्ही कधी पाहिला नाही, पण डबे ठरलेल्या दिवशी ठरलेले निघालेच पाहिजेत, हे मात्र घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

लोणी देणाऱ्या प्रत्येक घराला तुम्ही एक मडकं दिलं होतं. त्याच्या गळ्याखाली आतून चुन्याची रेघ ओढलेली. बाजाराच्या आदल्या दिवशी तुम्ही छकडा घेऊन यायचात, तोवर लोणी त्या रेघेला लागलेलं हवं. पण तुम्ही आल्या आल्या मडक्याकडे बघत नव्हतात. पटका सावरत सरळ गोठ्यात जायचात आणि म्हशीच्या रेडकाच्या तोंडात दोन बोटं घालायचात. पोट भरलेलं रेडकू तोंड फिरवतं. उपाशी असलं की बोटं अशी चोखतं की सोडता सोडत नाही. तुमचा नियम होता, म्हशीचे तीन सड मडक्याला, चौथा रेडकाला. आणि गोठ्यात पारडी असली तर तुम्ही नुसती नजर टाकायचात, टोणगा असला तर मात्र खाली बसून बघायचात, कारण पारडीची उद्या म्हैस होते, तिला कुणी उपाशी मारत नाही. टोणग्याचा उपयोग कुणाला? त्याला दूध तोडून तोडून मरू देणारी घरं काही कमी नव्हती. लोक तुमच्या मागे म्हणायचे, हा लोणी न्यायला आलाय की सोयरीक जुळवायला.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं की हे कशासाठी. मला वाटलं होतं तुम्ही गळ्यातल्या लिंगाला हात लावून पापपुण्याचं काही सांगाल. तुम्ही बेरी खात होतात. म्हणालात, "ज्याला बोलता येतंय त्याला फसवलं तर तो बोंब मारतोय. रेडकाला तोंड असून बोलता न्हाय येत. त्याला जो फसवत न्हाय, त्याचं लोणी मी डोळे मिटून घेतो." अव्वा चुलीपाशी बसूनच म्हणाली, "आन् रेडकू धड असलं की म्हैस पान्हा सोडती, लोणी जास्ती निघतंय, ते बी सांगा पोरीला." तुम्ही हसलात. ती दया होती, धर्म होता की धंदा, हे मी तेव्हापासून ठरवते आहे, आणि दर दहा वर्षांनी माझं उत्तर बदलतं. या वयात वाटतं, तिन्ही एकाच कढईत कढलेलं होतं आणि तुम्हीही कधी वेगळं काढून बघितलं नाही.

आता त्या हिवाळ्याचं सांगते. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, हे आता म्हणता येतं. तेव्हा नुसतं कळत होतं की दिवस बरे नाहीत. मी बाळंतपणाला आले होते. लेक पाच महिन्यांची झाली तरी तुमच्या जावयांचा हैदराबादेहून निरोप यायचा की इतक्यात येऊ नका. अव्वाचे गुडघे धरले होते, म्हणून वासावरून लोणी पारखायला आणि बायकांत आत जाऊन यायला तुम्ही तिच्याऐवजी मला न्यायला लागलात. लेक मांडीवर, मी छकड्यात, आणि तुम्ही बैलांशी कन्नडात बोलत पुढे. खेड्यांत तुमच्याशिवाय दुसरा कुणी व्यापारी त्या दिवसांत फिरकत नव्हता. तुम्ही लोण्याच्या बदल्यात ज्वारी, मीठ, काड्यापेट्या न्यायचात. त्यामुळे ज्याच्या घरात तुमचं मडकं, त्याच्या घरात चूल पेटायची, इतकं ते सरळ होतं.

कर्नाटकच्या अंगाला दोन कोसांवरच्या गावात एक म्हातारी होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. मुलगा सोलापूरकडे कामाला गेलेला, सून बाळंतपणात गेली, घरात एक नातू आणि दावणीला एकच म्हैस. तुम्ही टोणग्याच्या तोंडात बोटं घातलीत आणि त्यानं ती मनगटापर्यंत ओढली. तोंडाला माती लागलेली, म्हणजे भुकेनं माती चाटत होता. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "मावशे, फुडल्या खेपेला हे असंच दिसलं, तर मडकं उचलीन." ती म्हणाली, "व्हय अप्पा." एवढंच. तुम्ही लोणी काढून घेतलंत, रेघेला बरोबर लागलेलं होतं, आणि शेजारच्या घराकडे गेलात. मी पाणी मागायला तिच्या घरात गेले.

आत झोळीत तिचा नातू होता. माझ्या लेकीच्याच वयाचा, पण निम्मा. मावशी तांब्या पुढे करत म्हणाली, "अक्का, मला काय त्या मुक्या जिवाची दया न्हाय व्हय? तीन सडांचं तुमच्या मडक्यात जातंय. चवथं ह्याला पाजते. मंग टोणग्याला काय राहतंय?" मी म्हटलं, "मग अप्पांना सांगा की, मडक्यात थोडं कमी घाला." तिनं झोळीला झोका दिला. म्हणाली, "रेघ सोडली त्या घरचं मडकं गेल्या सालाला दुसऱ्याला दिलं त्यांनी. तुमास्नी ठावं न्हाय?" मला ठाऊक नव्हतं. मी मडक्यातलं लोणी दर खेपेला बघत होते, आतली रेघ कशी भरते हे कधी बघितलं नव्हतं. आणि मग, अप्पा, तुमची ही शिकलेली, चौथी पास झालेली लेक मोठ्या शहाणपणानं म्हणाली, "शेजाऱ्यांचं रेडकू गुबगुबीत आहे. आम्ही यायच्या दिवशी सकाळी तेवढं आणून बांधा. अप्पा बोटं घालतात, ओळख थोडीच विचारतात."

पुढच्या आठवड्यात आपण गेलो. दावणीला छान काळंभोर रेडकू. तुम्ही बोटं घातलीत, त्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं, सुटलो. पण तुम्ही उठला नाहीत. तुम्ही म्हशीकडे बघत होतात. मावशीनं आणि मी, दोघींनी मिळून माणसाला फसवायचा बेत केला होता, म्हशीला विचारायचं राहून गेलं होतं. रेडकू तिच्या कासेकडे सरकलं तशी तिनं त्याला शिंगानं बाजूला सारलं. तुम्ही दावं सोडलंत. रेडकू दोन उड्या मारून पडक्या भिंतीवरून शेजारच्या गोठ्यात गेलं, आपल्या आईपाशी. आणि त्याच वेळी कडब्याच्या गंजीमागून टोणगा ओरडला.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "मावशे, ही अक्कल कुणाची?" मी चार हातांवर उभी होते, लेक कडेवर. मावशीनं माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "माजीच, अप्पा. चुकलं माजं." तुम्ही लोणी तिच्या परातीत उलथापालथ न करता नीट काढून ठेवलंत, ज्वारी आणि मीठ नेहमीइतकंच तिच्या ओसरीवर ठेवलंत, आणि रिकामं मडकं उचलून छकड्यात घातलंत. ते वाटभर माझ्या पायापाशी गडगडत होतं. नाल्यापाशी बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा तुम्ही म्हणालात, "टोणगा उपाशी होता, ते मी पोटात घातलं असतं पोरी. असं असं झालंय म्हणाली असती, तर बसून बोललो असतो. पण दुसऱ्याचं आणून दाखवलं. आता तिच्या लोण्याला मी कुठल्या तोंडानं चांगलं म्हणू?" मी म्हणाले, "खरं आहे." एवढे दोन शब्द.

खरं नव्हतं, अप्पा. बसून बोलला असतात, पण आधी तुम्ही तिला विचारलं कुठं होतं? बोटं रेडकाच्या तोंडात घातलीत, झोळीत कोण आहे ते बघायला आत गेला नाहीत. परपुरुषानं आत जायचं नसतं हे मला कळतं, म्हणूनच तर तुम्ही मला नेत होतात. आत जाऊन बघायचं काम माझं होतं. मी बघितलं आणि बाहेर येऊन तुम्हाला लोण्याचा वास चांगला आहे एवढंच सांगितलं. तुमचा नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. तुमची रेघही वाईट नव्हती, तिच्यावर आपलं घर चालत होतं. पण एका हातानं चौथा सड सोडायला सांगायचं आणि दुसऱ्या हातानं मडकं काठोकाठ मागायचं, हे दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत हे तुम्हाला कधी दिसलं होतं का? हे मी भांडायला विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

कारण त्याच उन्हाळ्यात तुम्ही एक गोष्ट केलीत, तिचा उलगडा मला अजून झालेला नाही. एका सकाळी सगळी मडकी अंगणात मांडून बसलात, आतली रेघ ओल्या फडक्यानं पुसलीत आणि दोन बोटं खाली नवी ओढलीत. अव्वानं विचारलं, हैदराबादेच्या डब्यांचं काय? तुम्ही म्हणालात, "कमी जातील. कळवलंय." कुणी काही सांगितलं होतं का तुम्हाला? की छकड्यात माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला आपोआप कळलं होतं? मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं. मावशीच्या गावाला आपण नंतर गेलो तेव्हा तिच्या दाराला कडी होती. म्हैस विकून मुलाकडे गेली असं शेजाऱ्यांनी सांगितलं. तिच्या नातवाबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि आपण दोघांनीही विचारलं नाही.

नातू म्हणतो, आजी, हे सगळं मला लिहून दे, आमच्या साहेबांना दाखवतो. इथवरचं मी त्याला सांगितलं आहे, शेजारचं रेडकू बांधायची अक्कल माझी होती तेसुद्धा. त्याला त्याची मोठी गंमत वाटली. पण हा कागद मी त्याला देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचवायची तर काही सोयच नाही. तेव्हा उरलेलं लिहिते. त्या दिवशी मावशीच्या घरात मी पाणी पीत बसले होते, तेव्हा माझी लेक पिऊन झोपलेली होती आणि तरीही माझी चोळी दुधानं भिजत होती. त्या वेळी मला इतकं दूध यायचं की अव्वा मला रोज पिळून टाकायला लावायची. मावशीनं नातवाला झोळीतून काढून माझ्या शेजारी ठेवलं. त्याला वास आला असावा. त्यानं डोळे न उघडताच तोंड माझ्याकडे वळवलं, आणि म्हातारी एक शब्दही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. कुणाचं पोर, काय म्हणतील लोक, अप्पा काय म्हणतील, असलं काहीबाही मनात आलं. मी पदर ओढून घेतला, आणि मग तिला रेडकाची युक्ती सांगितली.