सुट्टीतलं रिकामं वसतिगृह

प्रिय आईस,

तुझ्या थोरलीचा नमस्कार. आम्ही मायलेकी सुखरूप पोहोचलो. दाराला आतून दणकट कडी आहे, मी दोनदा ओढून बघितली.

सुट्टीत कॉलेजचं वसतिगृह रिकामं असतं, म्हणून खोली स्वस्तात मिळाली. पलंग कुरकुरतो, पण खिडकीतून तळं दिसतं. शेजारी एक नर्स आहे, माझ्यासारखीच एकटी, दोन मुलांना घेऊन आलीये. स्वयंपाक आम्ही एकत्रच करतो. काल ती म्हणाली, "पोरांकडे मी बघते, तुम्ही जरा पडा." आई, मी दुपारभर मेल्यासारखी झोपले गं!

बाबांचा गुडघा कसा आहे? तू जिना चढत नाहीस ना?

'एकटीनं पोरीला घेऊन कुठे निघालीस?' असं तू म्हणालीस, तेव्हा मी हसले. पण इथे आल्याआल्या रखवालदार काकांनी आमच्या मागे रस्त्याकडे बघत विचारलं, "बाकीचे कधी येणार?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आपल्या चिमणीनं बॅग उचलली आणि म्हणाली, "बाकीचं कोणी नाही, काका. आम्ही सगळे आलोय."

काकांनी खोलीची किल्ली तिच्याच हातात दिली.

आता तूही निर्धास्त झोप.

तुझी,
ताई