तिसऱ्या दिवसाचा थेंब

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला स्वतःला तेवढी खात्री नाही.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. स्वयंपाकघरातला नळ जरा वर उचलून मग फिरवायचा, नाहीतर गळतो. शंभरदा सांगून झाले आहे.

२. सूक्ष्मदर्शक आणि एकोणीस वह्या 'घाई'ला. ही माझी विद्यार्थिनी. नाव मीच ठेवले. आम्ही हाड कुरतडणाऱ्या पेशी वाढवत होतो. कोवळ्या पेशींना एका प्रथिनाचा इशारा दिला की त्या तशा घडतात. त्यात जिवाणूच्या कवचाचा अंश टाकला की माझ्या बशीत त्या भसाभस वाढत, तिच्या बशीत मुळीच होत नसत. बाटली तीच, पेशी त्याच!

"मॅडम, मी तीनदा करून पाहिलंय."

"तिन्ही वेळा माती केलीस," मी सगळ्यांसमोर म्हणाले. प्रबंधावर सही दिली नाही. ती गेली ती गेलीच.

३. गेल्या महिन्यात हिरड्यांतल्या जिवाणूंमुळे माझ्या जबड्याचे हाड झिजल्याचे निघाले, म्हणून जुन्या वह्या काढल्या. तिने मागे टाकलेल्या वहीत कवचाचा थेंब पहिल्याच दिवशी, इशाऱ्याच्या आधी. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी, इशारा मिळाल्यावर. आधी घातला तर वाट अडते, नंतर घातला तर जोर चढतो. म्हणजे दोघी बरोबर? अहो, एकच वस्तू दोन्ही कसे करते? की तोवर पेशीच बदललेली असते? चार दिवस डोक्याचा भुगा झाला आहे. एवढेच कळले, की तिने सगळे नीट लिहिले होते आणि मी ते पान उघडलेच नव्हते. मला लाज वाटते.

~~४. वह्या माझ्या पश्चात बहिणीने नेऊन द्याव्यात. घाईने दार लावले तर बाहेर ठेवून यावे, वाद घालू नये.~~

हे वाचून बहीण भडकली. "अगं, ती दोन गल्ल्या पलीकडे राहते! तू मेल्यावर तिने शिव्या द्यायच्या त्या कुणाला?"

म्हणून कलम ४ खोडले आहे. वह्या घेऊन मी आत्ता निघते. काय बोलायचे ते अजून कळलेले नाही.

साक्षीदार: डॉक्टर, शेजारचे शिंपीकाका (खाडाखोड त्यांच्यासमोर केली).
सही: घाईची मॅडम
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: आजचा, सकाळी अकरा